गावी परतलो आणि पावलं कमी झाली! कोकणात अंग हलतं कसं ठेवता?

परतलेला_चाकरमानी
मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

तीस वर्षं डोंबिवली-सीएसटी लोकल केली. दिवाळीनंतर स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी आलो. गाव रत्नागिरी तालुक्यात, पूर्णगडच्या अलीकडे. वय ५४. गावी गेलं की तब्येत आपोआप सुधारते असं सगळे म्हणतात. माझी गत उलटी झाली. मुंबईत काही न करता आठ-नऊ हजार पावलं व्हायची, कारण स्टेशनचे जिनेच तेवढे. इथं दारात स्कूटर. दूध आणायला स्कूटर, रेशनवर स्कूटर, शेजारच्या वाडीत सत्यनारायणाला स्कूटर. परवा फोनने १९०० पावलं दाखवली, आणि त्यातली निम्मी विहिरीवरचा पंप चालू-बंद करायला मारलेली.

तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ आली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको एवढ्यात, पण हालचाल वाढवा. जिम बावीस किलोमीटरवर. जाऊन-येऊन दीड तास, वर पेट्रोल. एक महिना भरले पैसे, सात दिवस गेलो.

ग्रामपंचायतीसमोर ती हिरवी-पिवळी ओपन जिम बसवली आहे. तिच्या दोन यंत्रांचे बेअरिंग गेलेत आणि तिसऱ्यावर उन्हाळ्यात सोलं वाळत घालतात म्हणे.

तर कोकणात राहणाऱ्यांनो, तुम्ही काय करता? खरं खरं सांगा. 'शेतात काम करा' हे उत्तर घरातून रोज मिळतं, ते सोडून.

काजूगर
शेतात काम करा. 😀

तळमजला
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता कोणीतरी सूर्यनमस्कार काढणार.

काजूगर
काका, मस्करी सोडा. पण मला खरंच कळत नाही, ज्याची दोन एकर कलमं आहेत त्याला जिम कशाला? आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षी माडावर चढत होते. त्यांनी कधी डंबेल बघितलं नव्हतं.

फिजिओ_ताई
@काजूगर, हे आजोबांचं उदाहरण माझ्याकडे रोज दोन पेशंट देतात, आणि दोघंही कंबर धरून आलेले असतात.

मी चिपळूण भागात प्रॅक्टिस करते. शेतीकाम हा व्यायाम आहे का, तर आहे. पण कुठला भाग, किती आणि वर्षातून कधी, हे बघायला लागतं. आपल्याकडे लावणी जून अखेर ते जुलै, कापणी दिवाळीच्या आसपास, मग काजू-आंबा मार्च ते मे. मधले महिने माणूस पडवीत बसलेला असतो. लावणीच्या पहिल्या दोन दिवसांत कंबर धरते ती त्यामुळे. आठ महिने न वाकलेलं अंग एकदम आठ तास वाकवलं तर काय होणार? शिवाय वाकणं एकाच दिशेने. डोक्याच्या वर काही उचलणं नाही, छाती उघडणं नाही, मान मागे नाही. आणि ज्यांच्याकडे गडी आहेत त्यांची 'शेती' म्हणजे बांधावर उभं राहून सूचना.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी: मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काम. पासष्टीच्या पुढच्यांनी यात तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही धरावेत. मध्यम म्हणजे काय? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ते मध्यम. घड्याळ लागत नाही त्याला.

धागाकर्त्यांना साखरेसाठी यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. खाल्लेली साखर साठवायची सगळ्यात मोठी कोठी म्हणजे स्नायू, आणि त्यातही मांड्या नि नितंब. नुसतं चालून कोठी वापरात राहते. ती मोठी करायची तर वजन उचलायला लागतं. जिमच हवी असं नाही, वजन हवं.

ओहोटीवाला
चाकरमानी साहेब, तुमच्यापासून समुद्र किती लांब?

परतलेला_चाकरमानी
@फिजिओ_ताई, धन्यवाद. कोठीचं उदाहरण आवडलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आमच्याकडे कोठी आहे, पण उंदीर लागलेत.
@ओहोटीवाला, चालत बारा मिनिटं. दोन वेळा गेलो होतो सकाळी. एकदा मस्त पसरलेली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, मिळाली, दुसऱ्यांदा चालायला जागाच नव्हती, सुरूच्या मुळांपर्यंत पाणी. मग सोडलं.

ओहोटीवाला
म्हणूनच विचारलं. तुम्ही घड्याळाने गेलात. पुळणीवर तिथीने जायचं असतं.

आमच्याकडचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटे दोन्ही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. दोन्ही पक्षांना हाच हिशेब. भरतीपासून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. बंदराप्रमाणे थोडं मागे-पुढे होतं, पण चालायला जाणाऱ्याला एवढं पुरे.

आता उलटा हिशेब लावा. सकाळी सहाच्या आसपास ओहोटी हवी, तर भरती बाराच्या जवळपास हवी. म्हणजे अमावास्या, पौर्णिमा आणि त्यांच्या अलीकडचे-पलीकडचे दोन-तीन दिवस. चतुर्दशी ते तृतीया धरा. त्या दिवसांत उधाण असतं, पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली ओढतं, त्यामुळे पुळण सगळ्यात रुंद आणि ओली वाळू फरशीसारखी घट्ट. संध्याकाळी सहाला परत तेच. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही, आणि नेमकी सकाळी सहालाच भरती. त्या दिवशी पुळणीवर जाऊ नका, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जा. तुम्ही दुसऱ्यांदा गेलात तेव्हा सप्तमी-अष्टमी असणार, कालनिर्णय काढून बघा.

रोज भरती पाऊण तासाच्या वर थोडी पुढे सरकते. म्हणून 'रोज सकाळी साडेसहा' असा नेम किनाऱ्यावर टिकत नाही. माणसाला वाटतं आपणच आळशी.

परतलेला_चाकरमानी
बघितलं. दुसऱ्यांदा गेलो तो दिवस कृष्ण सप्तमी. साष्टांग नमस्कार तुम्हाला.

चढाई_३०
ओहोटीवाले बाबा, हे पाऊणपटीचं आम्हाला शाळेत का नाही शिकवलं? आमच्याकडे पुळणीवर पोलीस भरतीची पोरं पळतात, त्यांना आज सांगितलं. मुलांना १६०० मीटर धावायला आहे, मुलींना ८००, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. ही पोरं कोरड्या वाळूत पळायची नि ठरलेली वेळ गाठता येत नाही म्हणून रडायची.

फिजिओ_ताई
कोरड्या मऊ वाळूत वेळ गाठता येणारच नाही. तिथे त्याच वेगाने चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा जाते, पळायला साधारण दीडपटीच्या वर. वजन उतरवायला उत्तम, वेळ सुधारायला नाही. घोटे आणि पोटऱ्या मजबूत होतात, पण पहिल्याच दिवशी तासभर केलंत तर टाच धरेल. दहा मिनिटं कोरडी, बाकी ओली, असं वाढवत न्या.

दोन गोष्टी आणखी. पुळणीला समुद्राकडे उतार असतो, म्हणून जेवढं जाल तेवढंच त्याच पट्ट्याने परत या, म्हणजे एकाच गुडघ्यावर भार राहत नाही. आणि साखर असलेल्यांनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झाली असेल तर शिंपला कापलेला कळतही नाही. घरी आल्यावर तळवे बघायचे, आरसा घेऊन.

मालवणी_मसाला
मी काय म्हणतंय, ह्या सगळ्या शहाणपणापेक्षा आमच्याकडे रापणीक, किनाऱ्यावरसून जाळा ओढूक, येवा. दोरी धरा, मागे मागे चलत जावा. मांडये, पाठ, खांदे, सगळा एकदम. वर म्हावऱ्याचो वाटो मिळता. खंयच्या जिममध्ये बांगडे देतत?

तळमजला
मालवणी मसाला यांना अनुमोदन. मासिक शुल्कात सुरमई समाविष्ट असेल तर मीही जिम लावतो.

परतलेला_चाकरमानी
हसून हसून पुरेवाट. पण रापण खरंच अजून ओढतात का तुमच्याकडे?

मालवणी_मसाला
ओढतत तर. पूर्वीसारखे संघ रवले नाय, माणसा कमी झाली, मासोही कमी झालो. पण हा अजून. एक होडी जाळा सोडीत अर्धगोल फिरान येता नि दोन टोकांक माणसा उभी रवतत. किनाऱ्यावर बगूक इलेलो पर्यटक पण दोरी धरता. धा मिनटांत सोडता.

दुपारची_उसळ
सगळे पुरुष छान छान गप्पा मारताय म्हणून मध्ये बोलते. पुळणीवर सकाळी सहाला, सड्यावर संध्याकाळी सातला. बाईने जायचं कसं?

मी राजापूर तालुक्यातल्या गावात शिक्षिका आहे. चालायला निघाले की पहिल्या वळणावर 'बाई, कुणाकडे चाललात?' दुसऱ्या वळणावर 'गाडी बिघडली का?' आणि रिक्षावाला थांबतोच. बाई काम नसताना चालते हे पचतच नाही कुणाला. मी शेवटी हातात पिशवी घेऊन चालायला लागले. रिकामी पिशवी. त्या दिवसापासून एकानेही विचारलं नाही.

मग बचत गटाच्या बैठकीत विषय काढला. आता आम्ही अकरा जणी शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पाच ते सहा. पहिला आठवडा नुसत्या फेऱ्या मारल्या, कंटाळा आला. मग एक म्हातारी आजी म्हणाली, 'अगो, फुगडी घाला की.' झिम्मा, फुगडी, बसफुगडी, कोंबडा. श्रावण-भाद्रपद सोडून फुगडी घालतो म्हणून गावात चर्चा झाली थोडी. होऊ दे. बसफुगडी पाच मिनिटं घालून बघा कुणीही, मग मला जिमच्या स्क्वॉटचं कौतुक सांगा.

तालुक्याच्या जिमला 'लेडीज बॅच' आहे, दुपारी १२ ते २. त्या वेळी मी शाळेत आणि बाकीच्या स्वयंपाकघरात. ही वेळ कुणी ठरवली असेल ते सांगायला नको.

गंजलेला_डंबेल
बाई, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी ओशाळलो. माझी किनाऱ्यालगतच्या एका गावात छोटी जिम आहे आणि माझीही लेडीज बॅच दुपारचीच होती. कारण सांगतो, समर्थन नाही. सकाळ-संध्याकाळ पोरं असतात, फी त्यांची येते. पण त्या बॅचला तीन महिन्यांत चारच जणी आल्या, तेव्हा मला वाटलं बायकांना आवड नाही. वेळच चुकीची आहे हे डोक्यातच आलं नाही. या महिन्यापासून साडेचार ते सहा फक्त महिला केली, पोरं सहानंतर. पोरांनी कुरकुर केली. सध्या चौदा जणी आहेत.

आता जिमवाल्याचं दुखणं. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत जिम काढणं म्हणजे लोखंड खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवणं. रॉड रोज कोरड्या फडक्याने पुसतो, आठवड्याला मशीन ऑइलचा हात. तरी पकडीच्या खाचांत तांबडं दिसतंच. केबलच्या तारा दोन पावसाळे टिकल्या तर पेढे वाटायचे. पहिल्या वर्षी हौसेने दोन ट्रेडमिल घेतल्या. लाइट गेली की माणूस पट्ट्यावर झटक्याने थांबतो, आणि पावसात लाइट दिवसातून चार वेळा जाते. एकीचं बोर्ड विजेच्या झटक्यात गेलं, दुसरी आता माझ्या आईने पापड वाळवायला घेतली आहे. त्या जागी दोर टांगला, केटलबेल आणल्या, रबरचं आवरण असलेल्या प्लेट आणल्या. खर्च कमी, गिऱ्हाईक तेवढंच.

चाकरमानी साहेबांना सल्ला: जिमला जायचंच नसेल तर घरी एवढंच करा. वीस लिटरचा कॅन. अर्धा भरला की दहा किलो, पूर्ण भरला की वीस. दोन्ही हातांत एकेक धरून खळ्यात फेऱ्या. पडवीच्या पायरीवर चढ-उतार. भिंतीला हात लावून जोर, मग पायरीवर, मग जमिनीवर. दर आठवड्याला एक तांब्या पाणी वाढवायचं. लोक वजन वाढवतच नाहीत, तिथे फसतात.

चढाई_३०
वा! जिमवाला घरी व्यायाम करायला सांगतोय, असा माणूस कोकणातच.

कबड्डीवर कोणीच बोललं नाही म्हणून मी. वय ३८. वीस वर्षं खेळलो, गावच्या मंडळातून, मग तालुका, जिल्हा. १३ बाय १० मीटरचं मैदान, तीस सेकंदांची चढाई. बघायला सोपं वाटतं. तीस सेकंद 'कबड्डी कबड्डी' म्हणत चार जणांमध्ये नाचून दाखवा, मग कळेल दम काय असतो. २०१४ मध्ये टीव्हीवर प्रो कबड्डी आली आणि आमच्याकडे सगळ्यांना मॅट हवीशी झाली. मॅट चांगली, पण मातीत पाय सरकायचा तो मॅटवर बुटाने अडकतो. अंग वळतं, गुडघा वळत नाही. माझा उजवा गुडघा तसाच गेला. लिगामेंट. ऑपरेशन झालं, सहा महिने घरी.

सांगायचा मुद्दा वेगळा. आमच्याकडे खेळ म्हणजे स्पर्धा. फ्लडलाइट, चषक, पाहुणे, लाउडस्पीकर. सोळा संघ आले, एका रात्रीत संपलं, मग पुढच्या वर्षापर्यंत मैदानात गुरं. क्रिकेटचं तेच. कापणी झालेल्या शेतात खेळपट्टी, टेनिस बॉल, दिवसभर रांगेत बसून चार चेंडू खेळायला मिळतात आणि मध्ये तीन वडापाव. मुंबईची पोरं रात्रभर प्रवास करून येतात, न झोपता खेळतात, परत जातात. उत्साह आहे हो. पण रोज संध्याकाळी हरण्या-जिंकण्याशिवाय खेळणारा संघ दाखवा मला एक. चाळिशीच्या माणसाने खेळायचं कुठे? अंपायर व्हायचं किंवा वर्गणी काढायची.

तळमजला
किंवा 'माजी खेळाडू' म्हणून नारळ फोडायचा.

चढाई_३०
तेही केलंय. 😄 आता मुलींना खो-खो शिकवतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपणच जिंकलो. त्यानंतर आमच्या शाळेत नऊ मुली होत्या त्या बावीस झाल्या. मला मैदानभर पळायला लागतं ते वेगळं. गुडघ्याला पट्टा बांधून.

परतलेला_चाकरमानी
वाचतोय सगळं. पाण्याचे कॅन चालू केले. पहिल्या दिवशी पूर्ण भरून उचलले, शहाणपणा. आता अर्ध्यावर आलोय. अष्टमी-नवमीला सड्यावर जायला लागलो. सकाळी साडेपाचला निघतो, अंधारातच.

ओहोटीवाला
थांबा. सड्यावर अंधारात? पायांत काय घालता?

परतलेला_चाकरमानी
स्लिपर.

ओहोटीवाला
उद्यापासून बंद. कातळावर फुरसं असतं, विषारी साप. हातभर सुद्धा नसतं, दगडाच्या रंगाचं, आणि नाग जसा बाजूला होतो तसं ते होत नाही, वेटोळं करून जागेवर बसतं. खवले घासून खर्र असा आवाज करतं, पण कानात इअरफोन असेल तर तुम्हाला काय ऐकू येणार. घोट्यापर्यंत बूट, हातात विजेरी, आणि दगडावर बसायच्या आधी काठी आपटायची. चावलंच तर चिरा नको, दोरी नको, मांत्रिक तर नकोच. पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. तिथल्या सर्पदंशाच्या लसीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं चारही धरलेले असतात.

उजाडू द्या आणि मग जा ना. निवृत्त झालात, लोकल थोडीच पकडायची आहे.

फिजिओ_ताई
+१. पावसाळ्यासाठी आत्ताच सांगून ठेवते: पायाला जखम असताना चिखलात, शेतात अनवाणी उतरू नका. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाचा, जंतू तिथूनच शिरतो. मातीतली कबड्डी खेळणाऱ्या पोरांनाही हेच. चिखलात काम केल्यावर एक-दोन आठवड्यांत ताप आला नि पोटऱ्या दुखल्या तर 'व्यायामाने अंग दुखतंय' म्हणत घरी बसू नका.

आणि एप्रिल-मे. आपल्याकडे तापमान विदर्भासारखं नसतं म्हणून लोक गाफील राहतात. पण हवेत एवढी आर्द्रता की घाम वाळतच नाही, नुसता गळतो. घाम वाळला तर अंग थंड होतं, गळून काही होत नाही. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत संपवा. सरबत प्यायचं तर साखरेचं कोकम नको. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), पाणी, जिरं. आगळात मीठ आधीच असतं, रक्तदाब असेल तर बेताने.

घाटातला_गिअर
उशिरा आलो. सायकलवाल्यांचं कोणीच नाही का इथे?

किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सपाट दिसतो म्हणून मुंबई-पुण्याचे लोक फसतात. प्रत्येक खाडीला रस्ता सड्यावरून खाली उतरतो नि पुन्हा सड्यावर चढतो. दिवसभर खाली-वर, खाली-वर. पण मध्ये फेरीबोटी आहेत, जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला. सायकल बोटीत चढवायची, पंधरा मिनिटं वारा खायचा, पुढचा चढ. रत्नागिरीहून जयगडमार्गे गुहागर हा माझा वर्षातला आवडता दिवस. चाकरमानी काकांनी एवढं करायची गरज नाही. साधी गिअरची सायकल घ्या आणि स्कूटरची किल्ली बायकोकडे द्या.

काजूगर
आणि पोहणं? समुद्र दारात आणि कुणी पोहण्याचं नाव घेत नाही. मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरात समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, राज्यभरातून पोरं येतात.

मालवणी_मसाला
स्पर्धेक बोटी असतत, जीवरक्षक असतत. एकटो जावन नको. आमका आज्यान बावीत शिकवलेला, दोन असोले नारळ सोडणानीच बांधून काखेत. नारळ तरंगता, पोर तरंगता. पंधरा दिवसांनी एक नारळ काढलो, मगे दुसरो. समुद्रात मातर आजो कंबरेच्या पुढे जावक देय नसा. दर्यात ओढ लागली तर किनाऱ्याकडे पोहू नको, किनाऱ्याक समांतर पोह नि ओढीच्या भायर पड, ह्या त्यानाच सांगलेला.

परतलेला_चाकरमानी
(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. काल फाकपंचमी झाली, म्हणजे शिमगा सुरू, गावात ढोल वाजायला लागलेत, झोप नाहीच.

हिशेब देतो. कालनिर्णयवर पेन्सिलीने चतुर्दशी ते तृतीया गोल केलेत, ते पुळणीचे दिवस. बायकोने त्याच पानावर दुधाचा हिशेब लिहिल्यामुळे एका गुरुवारी 'अर्धा लिटर' वाचून घरीच बसलो. बाकी दिवस सड्यावर, उजाडल्यावर, बूट घालून. कॅन पाऊण भरण्यापर्यंत आलो. सायकल अजून घेतली नाही, पण दूध चालत आणतो. स्कूटरच्या सीटखाली कोंबडीने अंडं घातलं आहे, यावरून काय ते समजा.

गेल्या अमावास्येला पुळणीवर गेलो तर लांबवर दोन टोकांना माणसं उभी. आमच्याकडे रापण असते हेच मला ५४ वर्षांत माहीत नव्हतं. उभा राहून बघत होतो, तर एक जण म्हणाला, 'काका, नुसते काय बघताय, हात लावा.' लावला. मालवणी मसाला यांचे दहा मिनिटांचे शब्द आठवले, म्हणून हट्टाने टिकलो. ओला दोर पंजात धरायचा, कंबर मागे टाकायची, टाच वाळूत रोवायची, एक पाऊल. पुन्हा टाच, पुन्हा एक पाऊल. पहिल्या पाच मिनिटांत पंज्याला फोड. वीस मिनिटांनी मांड्या थरथरायला लागल्या, आणि शेजारी सत्तरीचा माणूस विडी ओढत ओढत दोर ओढतोय, गप्पा मारतोय. चाळीस मिनिटं लागली. जाळ्यात फार नव्हतं, तारली आणि थोडे बांगडे. मला पाच बांगडे दिले. नको म्हटलं तर म्हणाले, दोर धरला त्याचा वाटा असतो.

फिजिओ_ताईंना विचारायचं होतं, शिमग्याला पालखी खांद्यावर घ्यायला सांगताहेत. घेऊ का?

फिजिओ_ताई
घ्या, पण चालताना घ्या. नाचवायला तरुणांना द्या. दर वर्षी होळीनंतरच्या सोमवारी माझ्याकडे रांग लागते आणि प्रत्येक जण 'काही नाही, जरा लचकलं' म्हणत आत येतो. या आठवड्यात खांद्यावर एक कॅन घेऊन खळ्यात फेऱ्या मारून बघा, दोन्ही खांद्यांवर आलटून पालटून.

मालवणी_मसाला
पाच बांगडे? माका तीनच गावतत. तुमच्याकडे बदली घेतंय.

दुपारची_उसळ
कोंबडीच्या अंड्याचं काय केलंत?

परतलेला_चाकरमानी
तिथेच आहे. बसली आहे ती त्याच्यावर. एकवीस दिवस स्कूटर काढू नका असा घरचा हुकूम.

उद्या सकाळी पुळणीवर चक्कर मारायचा विचार आहे, रापण दिसली तर.

ओहोटीवाला
उद्या सप्तमी. सव्वापाचला भरती. सड्यावर जा.